मांडीवरच्या तीन पट्ट्या

“वरचा नको. खालचा दे.”

मेडिकलवाल्या श्यामने कागदी टेपचा रोल पुढे केला होता. तो हात तसाच राहिला. “काकू, सारे एकाच खोक्यातले हायेत. वरचा काय अन् खालचा काय.”

“तरी खालचा दे,” जमुना म्हणाली.

खपत नसलेल्या कलमा नर्सरीचा मालक रस्त्याच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या हाताशी आणून ठेवतो, हे तिने बावीस वर्षं पाहिलं होतं. मोर्शीजवळच्या एका नर्सरीत ती संत्र्याच्या कलमा बांधायची. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चीर द्यायची, संत्र्याचा डोळा, म्हणजे कोवळा अंकुर, आत सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. दिवसाला सहाशे-सातशे. अकोल्यातलं जठारपेठेतलं औषधाचं दुकान ते काय वेगळं असणार?

श्यामने खालचा रोल काढून दिला. शेजारी रागिणी उभी होती, जमुनाच्या धाकट्या भावाची, योगेशची बायको. काही विचारलं की हा मुलगा आधी रागिणीकडे बघतो आणि मग उत्तर देतो, हे जमुनाने दुकानात शिरल्या शिरल्या हेरलं होतं.

“लावाची कुठी हाये?” त्याने विचारलं, रागिणीकडे बघतच.

“ऑपरेशनच्या खुणेवर,” रागिणी खालच्या आवाजात म्हणाली.

“छातीले,” जमुनाने सांगितलं. “गाठीपायी थान काढलं अन् पोटाचं मांस घेऊन नवं बसवलं. त्याच्या खुणेले.”

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक टूथपेस्टच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचू लागलं. श्याम मात्र बिचकला नाही. त्याने चार डब्या ओळीने लावल्या आणि कृषी केंद्रवाला खतं समजावतो तसं समजावलं. ही कागदी, हलकी, हिच्यातून घाम बाहेर निघतो, बहुतेक डॉक्टर हीच लिहून देतात. ही कापडी, हिची पकड पक्की. ही पारदर्शक, सलाइनच्या सुईवर लावतात ती, पण रोज ठेवली तर खाली घाम साचतो. आणि ही सिलिकॉनची, नरम, कातडीला त्रास न देता निघते आणि पुन्हा लावता येते.

जमुनाने एकेकीचा तुकडा फाडून घेतला. बोटांत धरून ताणला, हुंगला, नखाने खरवडून पाहिला. डबीवरची तारीख वाचली, मग रोलच्या आतल्या पुठ्ठ्यावर काही छापलंय का तेही पाहिलं. पारदर्शक सोडून बाकी तीन घेते म्हणाली.

“तिनी कायले? एक चालून जाईन, काकू.”

“पाह्याचं हाये मले.” मग ती थांबली, आणि बराच वेळ मनात असलेलं विचारलं, “हिनं सकाळी तुले फोन केला होता काय?”

श्यामला काही कळेना. त्याने पुन्हा रागिणीकडे पाहिलं. रागिणी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. काय सांगायचं नाही ते यांनी आधीच ठरवलंय, हे उत्तर जमुनाला मिळालं, म्हणजे तिला तसं वाटलं.

ऑपरेशन पोळा झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात झालं होतं. गाठ लहान होती. किरणांचा शेक लागणार नाही, गोळ्या मात्र पाच वर्षं घ्याव्या लागतील, असं सांगितलं होतं. नवीन स्तन बसवायचा का, असं डॉक्टरीणबाईने विचारलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की सत्तेचाळीस वर्षांची, कलमा बांधणारी बाई नको म्हणेल. जमुना हो म्हणाली. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही. दवाखाना अकोल्यात, तपासण्या अकोल्यात, म्हणून ती भावाकडे राहिली. नवरा, पुंजाराम, मोर्शीला घर आणि म्हैस सांभाळत होता.

जखमा भरून खपल्या पडल्या, तशी तिसऱ्या आठवड्यानंतर दोन्ही खुणांवर कागदी टेप लावायला सांगितली. पोटावरची खूण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत गेलेली, तिला वाकून दिसत नसे. तिथली टेप रागिणी लावून द्यायची. छातीवरची मात्र जमुना न्हाणीघरातून आल्यावर खोलीचं दार लावून स्वतः लावायची. तिथे डॉक्टर आणि नर्स सोडून कोणाचीही नजर गेली नव्हती. पुंजारामचीसुद्धा.

दिवाळीच्या आसपास छातीवरची खूण बिघडली. टेपच्या दोन्ही टोकांना कातडी लाल झाली, मग एका टोकाला पाण्याचा बारीक फोड आला. पोट मात्र स्वच्छ. रोल तोच, अंग तेच, दिवसही तेच.

डॉक्टरीणबाईने पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाली, “पट्टीचंच आहे हे. आठ-दहा दिवस इथे काही लावू नका. कातडी कोरडी झाली की मग लावा. वेगळी टेप बघायची असेल तर आधी मांडीवर लावून बघा.”

जमुना कपडे सावरून बाहेर आली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेरच्या व्हरांड्यात रागिणीशी बोलत होती. दोन मिनिटं, कदाचित तीन. रागिणी मान हलवत होती. जमुनाला पाहून दोघी थांबल्या. रिक्षात बसल्यावर जमुनाने विचारलं, काय म्हणे? रागिणी म्हणाली, काही नाही, खाण्यापिण्याचं.

काही नाही. हे दोन शब्द कसे म्हणायचे असतात ते जमुनाला चांगलं ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी अमरावतीच्या दवाखान्यात तिने ते स्वतः म्हटले होते. तिची आई, वच्छला, याच आजाराने आत खाटेवर होती आणि डॉक्टरने जमुनाला व योगेशला बाहेर बोलावून सांगितलं होतं की आजार परत आला आहे, फार वेळ नाही. आपल्याकडे असं बाहेरच सांगतात. ज्याचं दुखणं त्याला सोडून साऱ्या गोताला ठाऊक असतं. आत गेल्यावर आईने छातीवर बोट ठेवून विचारलं होतं, इथी लाल कावून झालं वो जमुना? आणि जमुना म्हणाली होती, “पट्टीनं झालं, माय. काही नाई.”

आईने पुन्हा कधी विचारलं नाही. तिने ते मानलं, की मानल्यासारखं केलं, हे जमुनाला आजवर कळलेलं नाही. आता तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, फिरून तिच्याकडे आलं होतं.

तिने घरातल्या गोष्टी मनात टिपायला सुरुवात केली. ती झोपायला गेली की योगेशचा आवाज खाली येतो. रागिणी दवाखान्याची फाइल कपाटात वरच्या फळीवर ठेवते, जिथे जमुनाचा हात अजून पोचत नाही. आणि पुंजाराम. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत फोनवर एका मिनिटाच्या वर न बोललेला माणूस हल्ली रोज विचारतो, जेवली काय? मरणाऱ्यालाच माणूस असं विचारतो, असं तिला वाटलं. कोणाला काही विचारण्यात अर्थ नव्हता. जे तिने आईला सांगितलं तेच हे तिला सांगणार. सगळे मायेचे होते, आणि म्हणूनच कोणाच्याही शब्दावर भरवसा ठेवता येत नव्हता.

म्हणून तीन टेप. डॉक्टरीणबाईने मांडीवर लावून बघा म्हटलं होतं ते एखादी टेप सोसते का हे बघायला. जमुनाला वेगळंच बघायचं होतं. मांडीला कुठला आजार नव्हता. मांडीवर कागदी टेप लावून काही झालं नाही, तर छातीवरचं लाल हे टेपचं नव्हे, आणि मग सगळे खोटं बोलताहेत. टेपला तिची दया येण्याचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर ती दार लावून खाटेवर बसली. डाव्या मांडीवर तिने तीन पट्ट्या लावल्या, चार चार बोटं लांबीच्या, मध्ये दोन बोटं जागा सोडून. बॉलपेनने शेजारी आकडे घातले. एक कागदी, दोन सिलिकॉनची, तीन कापडी. चौथ्या जागी काहीच लावलं नाही, नुसतं शून्य काढलं. नर्सरीत नवं औषध फवारताना एक ओळ तशीच सोडायची पद्धत होती. नाहीतर रोप औषधाने तरारलं की हवेने, हे कळणार कसं?

तीन दिवस तिने कोणाला काही सांगितलं नाही. अंघोळीला पट्ट्या भिजत, ती टॉवेल नुसता टेकवून त्या टिपून घेई. या तीन दिवसांत रागिणीने दोनदा तिच्या खोलीशी येऊन काही बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा आणू का, एवढंच विचारलं. तेही जमुनाने मनात टिपलं. एका संध्याकाळी पुंजारामने फोनवर विचारलं, येशीन कवा? आवाज जरा ओला वाटला. तिने विचारलं, सर्दी झाली काय? तो म्हणाला, नाई. तिने फोन ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी तिने पट्ट्या भिजवून हळूहळू काढल्या. आधी कापडी. दोन्ही टोकांना लाल, एका टोकाला बारीक फोड. मग कागदी. तसंच लाल, फोड नाही पण कातडी सोलवटल्यासारखी. सिलिकॉनची सगळ्यात सौम्य, तरी टोकांना गुलाबी रेघ. शून्याची जागा होती तशी.

जमुना बघत राहिली. मांडीवर, जिथे काहीच नव्हतं, तिथे अगदी छातीसारखंच उठलं होतं. टोकांनाच, मधे नाही. म्हणजे पट्टीचंच होतं. डॉक्टरीणबाई खरं बोलली होती.

पण सुटल्यासारखं वाटायला तिला वेळ लागला. गेल्या काही दिवसांत तिच्या मनाला सवयच तशी लागली होती. चांगलं काही हाती आलं की ती ते उलटं करून बघायची. आणि उलटं करताच खालून एक प्रश्न निघाला. मग पोट कसं काय स्वच्छ? पोटावरही हीच कागदी टेप, छातीवरच्याच रोलमधली, महिनाभर. एक वेळ मांडीची कातडी नाजूक म्हणू. पण पोटाची काय जाड आहे? नवा स्तन तर पोटाच्याच कातडीचा आहे.

तिने कागदी टेपचा आणखी एक तुकडा फाडला आणि पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे बघत तो उजव्या मांडीवर लावला. डाव्या अंगठ्याने एक टोक दाबलं. उजव्या हाताने दुसरं टोक ओढलं, ओढता ओढता मनगट किंचित वळलं, आणि ताण सुटायच्या आत बोट टोकावर बसलं. सगळं एका दमात. पट्टीखाली कातडी गोळा होऊन तिला बारीक सुरकुत्या पडल्या.

ती तशीच थांबली. हा हात तिच्या ओळखीचा होता. कलम बांधताना पट्टी सैल राहिली तर डोळ्याखाली हवा शिरते, पाणी शिरते, डोळा काळा पडतो. मालकाने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आवळ, अजून आवळ, खुंट काही रडत नाही. बावीस वर्षं त्या हाताने हेच केलं होतं. मांडीला निदान चिमटा तरी कळत होता. नव्या स्तनाच्या कातडीला काहीच कळत नव्हतं. ती बधिर होती, वर्षभर तरी तशीच राहील, कदाचित कायम, असं आधीच सांगितलं होतं. किती आवळलं जातंय हे सांगायला तिथे कोणीच नव्हतं.

तिने तो तुकडा काढला. तरी एक बाजू तपासायची राहिली होती. तिने दार उघडून हाक मारली, “रागिणी, इकडे ये जराशीक.”

रागिणी ओले हात पदराला पुसत आली. जमुनाने रोल तिच्या हातात दिला आणि साडी गुडघ्यांच्या वर सरकवून उजवी मांडी पुढे केली.

“इथी लाव. चार बोटं.”

“मांडीले? कायले, ताई?”

“विचारू नको. पोटाले लावते तशीच लाव.”

रागिणीने तुकडा कापला, कात्रीने कोपरे गोल केले, मधोमध टेकवला आणि एका बोटाने दोन्हीकडे निजवत नेला. तिने कुठेच ओढलं नाही. कातडी होती तशी सपाट राहिली. तिची नजर डाव्या मांडीवरच्या आकड्यांवर गेली, लाल टोकांवर गेली. 

तीन दिवसांनी जमुनाने ती पट्टी काढली तेव्हा रागिणीला समोर बसवलं होतं. खाली काही नव्हतं. टेपच्या गोंदाची चिकट चौकट तेवढी होती, ती ओल्या फडक्याने निघाली.

“पाह्य,” जमुना म्हणाली. “टेप तेच. तुह्या हातानं काही होत नाई.”

रागिणीने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, “डॉक्टरीणबाईनं तवाच सांगतलं होतं.”

“काय?”

“का तुमी ओढून लावता. लाल टोकाटोकाले हाये म्हने, म्हंजे ओढल्यानं झालं. मले म्हने, तुमी लावून देत जा त्यायले, समजावून सांगा.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “मी कसं म्हनू तुमाले? तुमी तर दार लावून घेता. मले वाटलं, मी म्हटलं का पाहू द्या, तं तुमाले वाटन हे आता तमाशा पाह्याले आली.”

“अन् खान्यापिन्याचं काय सांगतलं?”

“खान्यापिन्याचं काईच नाई सांगतलं. थे मीच म्हटलं.”

“अजून काय सांगतलं?”

“एवढंच. आईची शपथ.”

जमुना तिच्याकडे बघत राहिली. आठवड्यापूर्वी तिने ही शपथ काडीइतकी मानली नसती. पण आता मांडीवर पुरावा होता, आणि तो रागिणीच्या सांगण्याशी तंतोतंत जुळत होता. तरी तिने एकेक खुंटी हलवून पाहिली. फाइल वर का ठेवते? योगेशच्या हाताने दोनदा चहा सांडला म्हणून. योगेश रात्री हळू का बोलतो?

“तुमी झोपता म्हनून. घर हाये केवढं?”

“अन् आमचे हे? रोज फोनवर विचारते, जेवली काय, जेवली काय.”

रागिणीला हसू आलं. “भाऊजीले स्वताच्या हातानं भाकरी थापा लागून रायल्या न. जेवाच्या टायमाले तुमची आठवन येनारच.”

जमुनाही हसली, पण पोटाची खूण ताणली गेली तशी तिथे हात दाबून थांबली. हसू ओसरल्यावर ती म्हणाली की आईलाही मी असंच सांगितलं होतं, पट्टीने झालं म्हणून. रागिणीला ते माहीत होतं. घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. ती म्हणाली, “मी नाई लपवनार, ताई. तशी वेळ आलीच, तं तोंडावर सांगीन. तुमी शिव्या देसान, चालते.”

जमुनाने ओलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. हे आश्वासन खरं की खोटं, ते तपासायला कुठली टेप नव्हती.

आणखी चार दिवसांनी छातीवरची कातडी कोरडी झाली. टोकांना फिकट तपकिरी डाग उरले होते. टेप कुठली, याचा विचार जमुनाने पुन्हा नीट केला. कापडी बाद. सिलिकॉनची सौम्य होती खरी, पण ती तिच्या ओढणाऱ्या हाताखाली सौम्य ठरली होती. रागिणीच्या हाताखाली कागदी टेपने महिनाभर पोटाला काही केलं नव्हतं आणि मांडीलाही नाही. एवढ्यावरून कागदीच घ्यावी, असं ठरलं.

सकाळी अंघोळ झाल्यावर ती खिडकीशी स्टुलावर बसली. उजेड चांगला होता. रागिणी कात्रीने कोपरे गोल करत होती. जमुनाने ब्लाउजची बटणं काढली, पदर बाजूला घेतला आणि मग मान न वळवता सरळ रागिणीच्या तोंडाकडे पाहिलं.

गेले कित्येक दिवस ती माणसांच्या चेहऱ्यांत जे शोधत होती, ते तिने इथेही शोधलं. भुवईत, ओठांच्या कडेला, घशाखाली उतरणाऱ्या घोटात. रागिणी खाली वाकली होती. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. ती खुणेची वळणं बघत होती, तुकडा कुठून सुरू करावा ते ठरवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तेवढंच होतं.

“मायबाई,” ती म्हणाली, “माह्यापेक्षा बरं हाये वो तुमचं हे. माहं तर कवाचं कमरेले आलं.”

जमुना खदखदून हसली. तुकडा वाकडा बसला.

“हलू नका न, ताई. गेला वाकडा.”

रागिणीने तो नखाने अलगद उचलला, चुरगाळून टाकला आणि दुसरा कापायला घेतला. बाहेरून योगेशने हाक मारली, चहा झाला की नाही, ऑफिसला उशीर होतोय. दार नुसतं लोटलेलं होतं. रागिणीने गडबडून जमुनाचा पदर पुढे ओढायला हात केला.

जमुनाने तो हात धरून खाली केला. “घाई नको करू,” ती म्हणाली. “थो घेईन आपल्या हातानं चहा. तू तुह्या बेतानं लाव. मी बसली हाये.”

आणि ती उजेडाकडे छाती करून, पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर सैल सोडून बसून राहिली.